नेव्हिलच्या आवाजाखालची गिटार

मी एक कॅसेट बोलतेय. माझ्या पोटात सगळं दुसऱ्यांचंच बोलणं भरलेलं आहे, पण आज थोडं माझंही ऐका. माझ्या अंगावर निळ्या शाईनं 'मितको, रविवार' एवढंच लिहिलंय. शाई आता विटली. आत मात्र मितको कमी आणि नेव्हिलच जास्त आहे, आणि माझं सगळं दुःख तेवढ्यातच आलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. पहिलं आठवतं ते सिडनीजवळच्या वुलनगाँगमधलं एक दुकान. एका पाकिटात आम्ही तिघी बहिणी होतो. कोऱ्या कॅसेटला एकच हुरहुर असते, आपल्या नशिबी कोणाचा आवाज येणार? एकीच्या वाट्याला चर्चमधली नाताळची गाणी आली. दुसरीच्या वाट्याला क्रिकेटचं समालोचन. मी कितीतरी दिवस स्वयंपाकघरातल्या खणात कोरीच पडून होते, कारण नेव्हिलनं मला एका मोठ्या कामासाठी राखून ठेवलं होतं.

नेव्हिल डगन म्हणजे आमचा मालक. पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला. अंगानं दांडगा, मनानं अगदी लोणी. त्याला एकच वेड होतं, जुन्या रॉक गाण्यांचं. तबकडी लावायच्या आधी साबणानं हात धुवायचा, पुसायचा, मग दोन्ही तळव्यांत कडा धरून ती अशी बाहेर काढायचा की बघणाऱ्यानं आपोआप हात जोडावेत.

पण ज्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत त्या गिटारवाल्यांबद्दल तो बोलायचाच नाही. "त्यांना काय कमी आहे? त्यांची चित्रं भिंतीभिंतीवर आहेत," म्हणायचा. त्याचा जीव मागच्या अंधारात उभं राहून वाजवणाऱ्यांवर. कुठल्या तबकडीच्या मागच्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात कोणी अनामिकानं काय बहार केली आहे, ते तो तासन्‌तास सांगत बसे.

"गाणं तीन मिनिटांचं आणि तुझं निरूपण अर्ध्या तासाचं," त्याची बायको जॉयस म्हणायची. "अरे, त्या बिचाऱ्याला वाजवू तरी दे!"

"हो, हो, ऐक. आता बघ, इथे तो कसा खाली उतरतो..."

"ऐकू कशी? तुझं तोंड मध्ये येतंय ना!"

कारखान्यात चहाच्या सुट्टीत सोबतीही त्याची खेचायचे. "नेव्ह, आज कोणाचं कौतुक? त्या तुझ्या गिटारवाल्याच्या आईला तरी माहीत आहे का, तो वाजवतो म्हणून?" नेव्हिल रागवायचा नाही. देवळात जाणाऱ्याला टिंगलीची काय पर्वा! आणि त्याचा देव तर त्याच कारखान्यात, डोक्यावरच्या क्रेनमध्ये बसलेला होता.

तो मितको पेत्रेस्की. लहानपणी मॅसेडोनियाहून आईबापांबरोबर बोटीनं आलेला. आठवडाभर क्रेन चालवायची आणि रविवारी दुपारी बंदराजवळच्या हॉटेलात, म्हणजे तिथल्या बिअरच्या गुत्त्यात, आपल्या तीन मित्रांबरोबर रॉक वाजवायचं. लोकांकडे अर्धी पाठ करून उभा राहायचा. गाणी सगळ्यांच्या ओळखीची, पण मध्येच त्याच्या तारेवरून एखादी अशी मींड यायची की ती त्या गाण्यात मुळात नसायचीच. ती त्याच्या आईच्या गावाकडची. एकदा वाजवलेलं तो पुन्हा तसं कधी वाजवत नसे.

सिडनीहून एकदा कोणी त्याला न्यायला आलं होतं म्हणे. मितको म्हणाला, "सोमवारी माझी पाळी आहे." संपला विषय.

आता त्या माणसांची एक रीत सांगायलाच हवी. तोंडावर कोणी कोणाचं कौतुक करत नसे. कोणी चांगलं केलं तर गप्प बसायचं. फारच चांगलं केलं तर "वाईट नव्हतं" म्हणायचं. जिवाला चटका लागेल असं काही केलं, तर त्याला शिवी द्यायची. याहून जास्त बोललं की दोघांनाही लाज वाटायची. त्यामुळे नेव्हिल सगळ्या जगाला मितकोबद्दल सांगायचा, पण मितको समोर आला की म्हणायचा, "काय रे, आज तारा गंजल्या होत्या का?" मितको म्हणायचा, "तुझे कान धुऊन ये." आणि दोघं हसून बिअर प्यायचे.

एका रविवारी मितकोचं वाजवणं ऐन रंगात आलं असताना हॉटेलवाल्यानं भोंग्यावरून तिकिटांची सोडत पुकारली, बक्षीस मांसानं भरलेली परात. हिरवं तिकीट कोणाचं, हिरवं तिकीट! लोक खिसे चाचपू लागले. मितको वाजवायचा थांबला, नंबर पुकारून होईपर्यंत खाली बघत उभा राहिला आणि मग जिथे सोडलं होतं तिथून पुढे निघाला. नेव्हिल घरी आला तो डोळ्यांत पाणी घेऊनच.

"उद्या हा माणूस राहिला नाही तर काय उरेल, जॉयस? कुठे काही नोंद नाही. मी टेप करणार."

"कर की. पण तू बोललास तर?"

"एक शब्द बोलणार नाही."

"तू आणि मौन?" जॉयस हसली. पण त्यानं खरोखरच मनापासून संकल्प केला होता. पुढच्या रविवारी त्यानं मला खणातून काढलं, टेपरेकॉर्डरमध्ये बसवलं आणि हॉटेलात आपल्या पेल्याशेजारी, टॉवेलाखाली झाकून ठेवलं. लाल बटण दाबलं. माझा संसार सुरू झाला.

पहिली बाजू संपेपर्यंत तो गप्प होता. गिटार लांब होती, पण मी जिवाचा कान करून ऐकत होते. गुणगुण, पेल्यांचा किणकिणाट आणि त्या सगळ्यावर मितकोचा धीमा, घोगरा सूर. पण ती सगळी एरवीची गाणी. मग नेव्हिलनं मला उलटवलं, दुसरी बाजू लागली आणि मितकोनं ते संथ गाणं काढलं, ज्याच्या शेवटी तो एकटाच वाजवत जायचा.

त्या दिवशी त्यानं असं काही वाजवलं की मागचे पुढचे सगळे रविवार फिके पडले. आणि नेमका त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरचा कोणी वाटसरू म्हणाला, "बरा वाजवतो की."

बरा! नेव्हिलचं मौन तिथेच सुटलं.

"बरा? अरे मित्रा, बरा म्हणतोस? ऐक, ऐक आता. तो खाली जाणार बघ... गेला! आणि आता वर येताना रडेल. ऐकलंस? रडतोय तो! जगात कोणी असं वाजवत नाही, तुला सांगतो, कोणी नाही. आणि उद्या सकाळी हाच माणूस माझ्या डोक्यावर क्रेन चालवणार आहे. आहे का न्याय?"

मी काय करू? मला थोर आणि साधं यातला फरक कळत नाही. मला जवळचं आणि लांबचं एवढंच कळतं. नेव्हिल माझ्या अंगाशी होता आणि मितको पार त्या टोकाला. मी जवळचं घेतलं.

घरी आल्या आल्या नेव्हिलनं माझ्या पाठीवरचे दोन चिमुकले दात मोडले, म्हणजे चुकून कोणी माझ्यावर दुसरं काही भरू नये. मग हात धुतले आणि मला लावलं. दुसऱ्या बाजूचं ते गाणं आलं. जॉयस आधी हसायला लागली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिनं हसू आवरलं आणि मुकाट्यानं बटाटे सोलत बसली.

"पुढच्या रविवारी पुन्हा करू," ती म्हणाली.

पण मितको तसं पुन्हा वाजवणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मितकोनं कामावर विचारलं, "टेप केलंस म्हणे. कसं आलंय?"

नेव्हिल म्हणाला, "वाईट नाही."

एवढंच. मितको खूश होऊन गेला. खरं सांगायची वेळ मग रोज एक दिवस लांबत गेली. काही काळानं हॉटेलात बॅंडच्या जागी जुगाराची, पैसे गिळणारी यंत्रं आली. मितकोनं गिटार पेटीत ठेवली. क्रेनच्या दांड्या ओढून ओढून बोटं आखडत गेली. मीही खणाच्या तळाशी, मेणबत्त्या आणि तुटक्या किल्ल्यांच्या खाली गेले. कधीमधी खण उघडला की नेव्हिलची नजर माझ्यावर पडायची आणि तो खण लगेच लोटायचा.

मग एका हिवाळ्यात मितको गेला.

मितकोच्या लोकांत माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी गहू शिजवून, साखर आणि अक्रोड घालून प्रसादासारखा वाटतात. त्याच्या दोन दिवस आधी मितकोची मुलगी वेस्ना आमच्या घरी आली. डोळे सुजलेले, हातात घरी केलेला चीजचा पाव.

"नेव्हकाका, बाबा नेहमी सांगायचे, माझं वाजवणं ऐकावंसं वाटलं तर नेव्हकडे जा, त्याच्याकडे आहे. प्रार्थनेनंतर हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवायचंय. द्याल ना?"

नेव्हिलनं चहाच्या कपात बघितलं. "अगं, ती जुनी कॅसेट. यंत्र पण धड चालत नाही."

"माझ्याकडे आहे यंत्र. गाडीतच आहे."

 शेवटी जॉयस उठली, खण उघडला, किल्ल्या बाजूला केल्या आणि मला टेबलावर ठेवलं. "इतकी वर्षं झाली, नेव्ह," ती हळूच म्हणाली. "तिच्या बापाचं आहे ते."

वेस्नानं गाडीतून यंत्र आणून माझी दुसरी बाजू लावली. गाणं सुरू झालं, तिनं डोळे मिटले. आणि मग तरुण नेव्हिल ओरडायला लागला. "बरा? अरे मित्रा, बरा म्हणतोस?"

वेस्नानं डोळे उघडले. "हे कोण?"

"मी," नेव्हिल म्हणाला.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग मला मागे गुंडाळून पुन्हा लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना तिचा हात आवाजाच्या बटणावर होता. मध्येच ती तो झर्रकन वाढवायची आणि लगेच कमी करायची.

"काय करतेयस गं?" जॉयसनं विचारलं.

"काका श्वास घेतात ना, तेव्हा बाबा ऐकू येतात," वेस्ना म्हणाली. आणि मग हसता हसता रडली. "थोडे जास्त श्वास घ्यायचे होतेत, काका."

नेव्हिलनं तोंड दोन्ही हातांत झाकलं. "मी सगळं नासवलं, पोरी. त्याला कधी सांगायची हिंमतच झाली नाही."

वेस्नानं यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "बाबांना वाटायचं, तिथे कोणी ऐकतच नाही. सगळे बिअर आणि सोडतीसाठी येतात. शेवटी शेवटी तर म्हणायचे, मी उगीचच वाजवलं." तिनं माझ्यावर हात ठेवला. "हे त्यांना एकदा ऐकवलं असतंत, काका. गिटार राहू दे. हे, तुम्ही जे बोललात ते."

 इतकी वर्षं नेव्हिलला वाटत होतं की त्याच्या बडबडीनं मितकोची ठेव बुडाली. ती बडबडच मितकोची ठेव होती, आणि ती खणात पडून राहिली होती, हे त्या दिवशी त्याला कळलं. आणि मलाही.

"चाळिसाव्याला तुम्हीच बोला मग," जाताना वेस्ना म्हणाली. "यात आहे तसंच."

चाळिसाव्याला मी तिच्या पिशवीत होते, म्हणून तिथलं सगळं मी ऐकलं. हॉल भरलेला होता. क्रेनवाले, भट्टीवाले, काळ्या ओढणीतल्या बायका. गव्हाचं ताट फिरून झालं. नेव्हिल उभा राहिला.  ज्याचं तोंड कधी मिटलं नाही, त्याला शब्द सापडेना. त्यानं एकदा वेस्नाकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"मितको," तो म्हणाला, "वाईट वाजवायचा नाही."

आणि खाली बसला. पण त्याचा आवाज असा फाटला होता की त्या दणकट माणसांनी एकेक करून माना खाली घातल्या. मागून कोणीतरी मितकोला एक सणसणीत शिवी दिली, आणि सगळ्यांना कळलं की ती प्रार्थनाच होती.

आता मी वेस्नाकडे असते, तिच्या घरातल्या देवाच्या तसबिरीखाली. माझी फीत पातळ झाली आहे, एका कडेला चुरगळली आहे. दर वर्षी मितकोच्या दिवशी ती मला लावते. नेव्हिल काठी टेकत येतो. टेबलाशी हात जोडून बसतो आणि एक शब्द बोलत नाही. इतक्या वर्षांनी त्याचं मौन पाळलं जातं, आणि माझ्या पोटातून त्याचाच तरुण आवाज ओरडत राहतो. बापड्या मितकोला त्यातलं काही ऐकू जात असेल का? वेस्ना म्हणते, जातं. तिच्या श्रद्धेवर माझीही श्रद्धा आहे.

बायांनो, बाबांनो, तुमच्या घरच्या खणात माझ्यासारखी कोणी पडली असेल तर तिला बाहेर काढा. कोणाबद्दल जीव भरून काही बोलला असाल, तर तो माणूस आहे तोवर त्याच्या समोर बोला, लाज वाटली तरी बोला.

आणि मला लावाल तेव्हा सावकाश गुंडाळा. शेवटाकडे एक जागा आहे. तिथे नेव्हिल पेला उचलतो आणि घोटभर बिअर पितो. तेवढ्यात मितकोचा सूर वर चढतो, अगदी एकटा, अगदी स्वच्छ. वेस्नाचा हात बटणाकडे जातो, नेव्हिल मान खाली घालतो. तेवढ्या एका घोटासाठी मी अजून तुटलेली नाही.