हिरवी वही

त्या दिवशीही नवरदेव पाच मिनिटं उशिराच आला. बाबांचा हा सगळ्यात लाडका विद्यार्थी. इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसायचा, म्हणून बाबांनी त्याला हे नाव ठेवलेलं.

बाबा घरी फारसी शिकवत. त्यांच्या तासाची एक रीत होती. विद्यार्थ्याने आधी खिडकीतून खालचा रस्ता बघायचा, मग पाठ फिरवून सांगायचं: 'दीदम', मी पाहिलं, की बाई दुकानाला कुलूप लावत होती, रंगारी शिडी उतरत होता. डोळ्यांदेखत जे चाललं होतं, ते चालू असतानाचंच सांगायचं. जे पाहिलं नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही. चांगली वाक्यं बाबा एका हिरव्या वहीत उतरवत. बावीस वर्षांची वही. तिचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं.

बाबा चहा गाळायला आत आले. नवरदेवाला साखर कमीच घाल, तो आधीच गोड बोलतो, म्हणाले. कप पुसत मी दाराशी आले, तर नवरदेव वही बॅगेत सरकवत होता. मी काही बोलले नाही. बाबांच्या जिवाला लागलं असतं. आणि वाटलं, उद्या गुपचूप आणून ठेवेल.

संध्याकाळी बाबांनी वहीसाठी घर उलथंपालथं केलं. सापडेल हो, मी म्हणत राहिले. मी भाजी चिरत असताना ते कपाटावरची पेटी बघायला स्टुलावर चढले. मला नुसता आवाज आला. तिसऱ्या दिवशी ते गेले. मधे एकदाच शुद्धीवर आले, तेव्हा विचारलं, वही मिळाली का? मी हो म्हणाले.

नवरदेव सगळ्यांच्या पुढे उभा राहून रडला.

वर्षभराने त्याचं पुस्तक आलं. मी विकत घेतलं आणि पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं. सगळी वाक्यं आमच्या खिडकीतली. बाबांनी लिहिलं होतं, 'मी पाहिलं, की माझी मुलगी फाटकाशी सायकल शिकत होती.' त्याने 'माझी मुलगी' खोडून 'एक मुलगी' केलं होतं. एवढ्यासाठी तरी मी त्याला सोडणार नव्हते. तरी पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. पुस्तकावरच्या त्याच्या जाहीर कार्यक्रमाची वाट पाहिली आणि साडीला कडक इस्त्री केली.

सभागृह भरलेलं होतं. आपल्याला ही पद्धत कशी सुचली ते त्याने रंगवून सांगितलं. मग हसत म्हणाला, "करून बघा. कोणीही उठून स्वतः पाहिलेलं एखादं वाक्य सांगा."

मी उठले. मला पाहून त्याचं हसू जरा आखडलं, पण माईक माझ्याकडे येऊन पोचला होता. मी आधी फारसीत सांगितलं. तो पांढरा पडला. मग सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या भाषेत सांगितलं.

"दीदम. मी पाहिलं, की माझे वडील आत तुमच्यासाठी चहा गाळत होते आणि तुम्ही त्यांची हिरवी वही बॅगेत घालत होता. मी पाहिलं, की संध्याकाळी ते ती वही शोधत होते, आणि मी गप्प होते. ते स्टुलावरून पडत होते, ते मी पाहिलं नाही. म्हणून ते सांगत नाही."