टाकी वाहून राहिली गा

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे इतका, की माझ्या पत्र्याचा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही खात्रीने सांगता येणार नाही. नागपूरच्या मनीषनगरात, दोन घरांमधल्या बोळीत, एका लोखंडी स्टँडवर माझं आयुष्य गेलं. अलीकडे चंपतरावांची खिडकी, पलीकडे कमरेएवढी भिंत आणि भिंतीला लागून मनोहररावांचं अंगण. एवढंच माझं जग. पण एवढ्याशा बोळीतून मी माणसांचा समाज पाहिला आणि त्या समाजाबद्दलची चंपतरावांची मतंही ऐकली. खरं सांगायचं तर पाहिलं कमी, ऐकलंच जास्त.

माझा जन्म पत्र्याच्या एका दुकानात झाला. कापणं, ठोकणं, वाकवणं, जे सोसायचं ते सोसलं. मग पोटात मोटर बसली, तीन बाजूंना जाळ्या लागल्या आणि जाळ्यांत खसाचं गवत भरलं. पहिल्यांदा अंगावर पाणी आलं तेव्हा त्या गवताचा असा वास सुटला, की दुकानदार हातातलं काम सोडून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ते माझं पहिलं कौतुक. चंपतराव मूळचे खाप्याचे, सरकारी नोकरीसाठी नागपुरात आलेले. नवं घर बांधून झाल्यावर त्यांनी मला सायकलरिक्षात घालून आणलं. त्यांच्या बायकोने, जिजाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. लहानग्या जितेंद्रने माझ्या पंख्यासमोर तोंड धरून 'आ' केलं आणि स्वतःचा थरथरणारा आवाज ऐकून तो पोट धरून हसला. नागपूरच्या प्रत्येक पोराने हे कधी ना कधी केलेलं असतं.

आता माझी एक अट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. कूलर सुरू असला की घराचं दार उघडं ठेवावं लागतं. बाहेरची हवा मी आत ढकलतो, तिला दुसरीकडून बाहेर जायला वाट हवी. दार बंद केलंत तर खोलीत नुसती चिकचिक होते, अंग ओलं आणि जीव कासावीस. त्यामुळे उन्हाळाभर चंपतरावांचं दार उघडं असायचं, आणि उघड्या दारातून हवा बाहेर जायची तशी माणसं आत यायची.

सगळ्यांत आधी यायचे मनोहरराव. त्यांचा काटोलला संत्र्यांचा व्यापार होता. उन्हाळ्यात हात रिकामे आणि तोंड मोकळं. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई यायच्या, मग समोरचे, मग मागच्या ओळीतले. जिजाबाई टरबूज कापायच्या. सतरंजीवर जागा पुरायची नाही. आणि माझ्या अगदी समोरची, मोक्याची जागा अडवून चंपतराव समाजावर बोलायला लागायचे.

त्यांची मतं मला तोंडपाठ आहेत. लग्नात लोक ताट वाढून घेतात आणि निम्मं टाकून देतात. सिग्नलला थांबलेल्या माणसाला मागचा हॉर्न वाजवून वेड्यात काढतो. मतदानाची सुटी मिळाली की मंडळी पचमढीला जातात आणि परत येऊन देशाची काळजी करतात. पोरांना शिकवणीला घालतात, पण पोरांशी बोलत नाहीत. प्रत्येक मताचा शेवट ठरलेला असायचा. "आजकाल कोणाले कोणाचं पडलंच नाही गा," असं म्हणून ते टरबुजाची फोड उचलायचे.

"तुले पडलं आहे ना, मग झालं," मनोहरराव म्हणायचे. "मी निवांत झोपतो."

या भाषणांपायी एक गोष्ट हमखास व्हायची. सकाळी नळ आला की चंपतराव माझ्या टाकीत पाईप सोडायचे, आणि तेवढ्यात एखादं मत सुचलं की पाईप विसरायचे. टाकी भरायची, काठावरून पाणी सुटायचं, बोळीतून वाहत भिंतीखालच्या मोरीतून मनोहररावांच्या अंगणात जायचं. तिथे पुष्पलताबाईंच्या कुरड्या वाळत घातलेल्या असायच्या. मग भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"चंपत्या, टाकी वाहून राहिली गा. बह्याड आहेस का?"

बह्याड म्हणजे आमच्याकडे वेडा. चंपतराव लगबगीने नळ बंद करायला धावायचे. दर उन्हाळ्यात हे चालायचं, आणि इतक्या उन्हाळ्यांत एकदाही पाईप वेळेवर निघाल्याचं मला आठवत नाही. त्या हाकेची मला इतकी सवय झाली होती, की टाकी काठोकाठ भरली की मीच कान देऊन बसायचो.

मग एकेका घरात एसी आले. मित्रांनो, एसीशी माझं भांडण नाही. नागपूरचं ऊन मी अंगावर घेतलंय, कोणाला गारवा मिळाला तर मला वाईट वाटायचं कारण नाही. पण त्याची अट माझ्या अगदी उलटी. त्याला दार बंद लागतं, खिडकी बंद लागते, फटीत कापडसुद्धा कोंबावं लागतं. समोरच्यांचं दार बंद झालं, मागच्यांचं झालं. मनोहररावांच्या मुलीने, वेदिकाने, बाहेरगावी नोकरी लागल्यावर आईवडिलांसाठी एसी घेतला, तेव्हा ती खिडकीही मिटली. आमच्याकडे सतरंजी अजून पसरली जायची, पण तिच्यावर जिजाबाई आणि चंपतराव दोघंच असायचे. पुढे एका हिवाळ्यात जिजाबाई गेल्या. सतरंजी मग मला पुन्हा दिसली नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी जितेंद्र पुण्याहून आला आणि वडिलांसाठी एसी लावून गेला. त्यात प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं. "बाबा, या वयात कूलरचं पाणी भरत बसू नका," एवढंच तो म्हणाला. मला स्टँडवरून उतरवलं, तोंड भिंतीकडे केलं, प्लास्टिक पांघरलं आणि बोळीत ठेवून दिलं. पाल राहायला आली, कोळ्यांनी जाळी धरली. माझ्या गवताचा भुगा झाला. खिडकीच्या बंद काचेतून मला टीव्हीचा पुसट आवाज तेवढा यायचा. चंपतरावांची मतं ऐकायला आता कोणी नव्हतं, म्हणून ते इतरांची मतं ऐकत बसायचे. एकटेपण म्हणजे काय, हे मला त्या बोळीत कळलं. आपण मोडलेले नसतो, कोणाला नकोसेही नसतो, फक्त कोणाला आपली आठवण येण्याचं कारण उरलेलं नसतं.

यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. पुष्पलताबाई भाचीच्या लग्नासाठी काटोलला गेल्या होत्या आणि जाताना मनोहररावांना बजावून गेल्या होत्या, की दुपारी कुरड्या पालटून ठेवा. मनोहरराव भरदुपारी त्यासाठी अंगणात आले आणि नळाजवळच्या ओल्या फरशीवरून घसरले. पडल्याचा आवाज मी ऐकला. मग काही वेळ काहीच आवाज आला नाही. मग भिंतीपलीकडून हाक आली.

"चंपत. ए चंपत."

मित्रांनो, मी ती हाक ओळखली. टाकी वाहते तेव्हाचीच ती हाक, फक्त तिच्यात जोर नव्हता. चंपतराव माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होते. खिडकी बंद, पडदा ओढलेला, एसी सुरू. आत टीव्हीवर चार जण एकाच वेळी बोलत होते. माणूस माणसापासून दूर का चालला आहे, यावर त्यांची चर्चा रंगली होती आणि चंपतराव आतून त्यांना "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते.

मनोहरराव हाक मारत राहिले. मी लोखंडाचा, माझ्यात वीज नाही, तोंड भिंतीकडे. माझं पातं एकदा जरी खडखडलं असतं तरी मी धन्य झालो असतो. सावली अंगणातून सरकत गेली, ऊन त्यांच्या अंगावर आलं, आणि हळूहळू हाक बंद झाली. इतका निरुपयोगी मी भंगारातही झालो नसतो.

संध्याकाळी पिण्याच्या पाण्याची कॅन घेऊन येणाऱ्या माणसाने त्यांना पाहिलं आणि चंपतरावांची बेल दाबली. मग धावपळ झाली, अॅम्ब्युलन्स आली. मनोहररावांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि उन्हाने ते बेशुद्ध झाले होते. चंपतराव अनवाणीच त्यांच्यासोबत गेले. मनोहरराव वाचले. पण मधल्या त्या दुपारचं काय, हा प्रश्न बोळीत माझ्याजवळ तसाच पडून राहिला.

मे लागला तेव्हा त्यांना घरी आणलं आणि त्यांचा पलंग बोळीकडच्या खिडकीला लावला. चंपतराव टरबूज घेऊन भेटायला गेले. पुष्पलताबाईंनी खोली झाडायला खिडकी उघडली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"कसं वाटून राहिलं गा मनोहर?"

मनोहररावांनी आधी टरबुजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी तू घरीच होता ना?"

"होतो."

"लय आवाज देल्ले गा तुले."

"एसी सुरू होता," चंपतराव म्हणाले. "आयकूच नाही आलं मले."

"हं," मनोहरराव म्हणाले, आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून त्यांनी नुसतं तोंड फिरवलं.

"भाऊजी, आता नको, मग या तुम्ही," पुष्पलताबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी खिडकी लावून घेतली. टरबूज त्या दिवशी कापलं गेलं नाही.

चंपतराव घरात न जाता बोळीत आले. त्यांनी माझ्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझी कोळिष्टकं पुसायला लागले. त्यांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्तरी आला. मोटरला तेल मिळालं, नवीन पंप आला, जाळ्यांत ताजं गवत भरलं. मी पुन्हा स्टँडवर चढलो. तेवढ्यात पुण्याहून जितेंद्रचा फोन आला आणि चंपतरावांनी त्याला माझं सांगितलं.

"बाबा, कूलर काहून लावून राहिले तुम्ही? एसी बिघडला का?"

"नाही बिघडला. एसीत आवाज येत नाही बाहेरचा."

"पण कूलरचाच आवाज किती असते, बाबा. त्यात काय आयकू येईल?"

पोरगा खोटं बोलत नव्हता. मी काही मुका नाही, चांगला घरघरतो. चंपतराव म्हणाले, "तरी खिडकी तर उघडी राहते ना रे."

तेव्हापासून ते एक नवीनच काम करायला लागले. दुपारी मधूनच उठायचे, माझं बटण बंद करायचे, खिडकीला कान लावून उभे राहायचे. बोळीतलं, अंगणातलं, गल्लीतलं काही ऐकू येतंय का ते पाहायचे, मग मला पुन्हा सुरू करायचे. मध्येच बंद केलं की पूर्वी मला अपमान वाटायचा. आता वाटत नव्हता. पण समोरची खिडकी काही उघडली नाही. मनोहरराव तिच्यामागे पडून होते, चंपतराव हिच्यामागे उभे होते, आणि मध्ये मी होतो.

नवतपा लागला, मे अखेरचे ते सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. त्या सकाळी नळ आला, चंपतरावांनी माझ्या टाकीत पाईप सोडला आणि तिथेच उभे राहिले. टाकी अर्धी झाली, भरली, पाणी काठाला आलं. ते हलले नाहीत. पाईप त्यांच्या हातात होता, मत सांगायला समोर कोणी नव्हतं आणि विसरायलाही काही कारण नव्हतं. पाणी सुटलं. बोळीतून निघालं, मोरीत शिरलं, पलीकडच्या फरशीवर पसरलं. पाणी वाया घालवू नये हे मलाही कळतं, मित्रांनो, आणि एरवी मी ते कोणाला घालवू देणार नाही. पण त्या सकाळी मी स्वतःच मनात म्हणत होतो, वाहू दे, अजून थोडं वाहू दे.

चंपतराव समोरच्या काचेकडे बघत होते. पाणी वाहत होतं. त्यांचा हात नळाकडे गेला.

तेवढ्यात पलीकडची कडी निघाली. टरबुजाच्या त्या दिवसापासून बंद असलेली खिडकी कुरकुरली आणि हातभर उघडली.

"चंपत्या," आतून बारीक आवाज आला, "टाकी वाहून राहिली गा. बह्याड आहेस का?"

चंपतरावांच्या हातून पाईपच पडला. नळ बंद करायचं त्यांना सुचेना. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आयकू आलं गा मनोहर. आयकू आलं मले."

"मग नळ बंद कर ना आधी," मनोहरराव म्हणाले.

मित्रांनो, माझं आता फार आयुष्य उरलेलं नाही. पत्रा खालून कुजत आलाय, पुढच्या उन्हाळ्यात मी स्टँडवर असेन की नसेन. तुम्ही एसी लावा, खुशाल गार झोपा. फक्त दिवसातून एकदा खिडकी उघडून शेजारच्या घराकडे कान देत जा. आणि कोणाची टाकी वाहताना दिसली, तर आपल्याला काय म्हणून पुढे जाऊ नका. हाक मारा. आतला माणूस कदाचित त्या हाकेसाठीच उभा असेल.