सिदूच्या बैलांच्या घुंगरमाळा

पालीच्या सिदूच्या गाडीला कोणी गाडी म्हणत नसे. चाकावरचं घर म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. वर तट्ट्याचं छप्पर, त्यावर घोंगड्या, आत वाकळांची बिछायत, मागं पाण्याचा डेरा, खाली झोळीत कडबा आणि लोखंडी चूल. अख्खं कुटुंब त्यात चार मुक्काम सुखानं राही. बीडात तालुकदारसाहेबाची मोटार आली तेव्हा लोक तोंड उघडं टाकून बघत राहिले, पण सिदू म्हणे, "मोटारीत पिठलं करून खाता येतं का बे? मग काय उपेग तिचा?" आणि आपणच खो खो हसे.

गाडी केली ती मात्र बायको गेल्यावर. अंजनाला सिरसाळ्याला माहेरी जायचं होतं, आणि हा दर वर्षी म्हणायचा, सुगी होऊ दे. सुग्या झाल्या, अंजनाही गेली. मग या शहाण्याला जाग आली! मेंढरं विकून त्यानं ही गाडी केली आणि लोकांच्या बायकांना माहेरी पोचवत सुटला.

गाडी भाड्यानं द्यायची त्याची एकच अट होती. आजारी माणूस घ्यायचं नाही. गाडीत कुणाचा जीव गेला की ती मढ्याची गाडी झाली. मग तिच्यात कुणी नवी नवरी बसवत नाही, तान्हं लेकरू झोपवत नाही. शिवाय मढं असलेल्या गाडीच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा उतरवायच्या आणि मुकाट चालायचं, हा रिवाजच होता. म्हणून कोणी गाडी ठरवायला आलं की सिदू आधी विचारी, "समदी धडधाकट हायती न्हवं?"

"आमच्या घरात कुणाला शिंक बी येत न्हाई," मोहनराव म्हणाले. मोहनराव म्हणजे शेजारच्या गावचे बडे शेतकरी, मिशीला तूप लावणारे. बायनाबाई, त्यांची बायको, कैक वर्षं माहेरी गेली नव्हती. कधी नांगरट, कधी लग्नसराई, कधी कचेरीतलं काम. मोहनरावांना सवड म्हणून नव्हतीच. या वर्षी एकदाची सवड झाली, कारण सिदूच्या गाडीत बसून फिरायची त्यांनाच हौस आली होती. सोबत सून शिवकन्या. जायचं तलवाड्याला, बायनाबाईच्या आईकडं. बाजारकरूच्या हाती सांगावाही गेला.

बायनाबाई नवं लुगडं नेसून, विडा चघळत, ताठ चालत गाडीपाशी आली. कुणाचा हात न धरता चढली. सिदूला भारी बरं वाटलं. अशी माणसं गाडीत बसली म्हणजे गाडीचीही शोभा वाढते, असं त्याला वाटे.

सिंदफणेच्या काठी दुपारचा मुक्काम पडला. मोहनराव बाभळीखाली घोरत होते, शिवकन्या भाकरी थापत होती. बायनाबाई पाण्याला वाकली आणि तिच्या हातून तांब्या सुटला. सिदूनं तो उचलून दिला, तेव्हा तिचा हात त्याच्या हाताला लागला. तव्यासारखा तापला होता.

"आक्का! अंगात लई ताप हाय की!"

"हळू बोल, सिदूभाऊ." तिनं मागं पाहिलं. "आठ दिस झाले. तुझी अट ठावं हाय मला. घरी कळलं असतं तर गाडी जुंपलीच नसती. आई वाट बघून बघून थकली रं. मला तिच्या दारात उतरीव, मग काय व्हायचं ते होऊ दे."

सिदूच्या डोळ्यांपुढं अंजना आली, उंबऱ्यावर बसून सिरसाळ्याला कधी जायचं, असं विचारणारी.

"आन एक ऐक," बायनाबाई म्हणाली. "आईचे डोळे गेलेत. पर कान शाबूत हायती. गावच्या शिवंपासून घुंगरं वाजवीत ने मला. ऐकून ती म्हणल, लेक आली."

"नेतो, आक्का. सबूद दिला," सिदू म्हणाला.

त्यानं बैल दामटले. गढी गावाला दिवस मावळायच्या आत पोचले, आणि तिथं आप्पाराव भेटले. आप्पाराव मोहनरावांचे जुने दोस्त. असं कसं जाता, उद्या पुरणाचा स्वैपाक, जेवल्याबिगर सोडायचो न्हाई! झालं. मोहनराव विरघळले. दुसरा अख्खा दिवस त्यांनी गावातल्या बाप्यांना गाडी दाखवण्यात घालवला. हा बघा डेरा, ही बघा चूल, हितं पाय पसरून झोपायचं!

सिदू दोनदा जाऊन आला. "मालक, निघू की."

"काय बे, तुझ्या बैलांना भूत लागलंय का? गाडी मी ठरवली हाय. मी म्हणल तवा निघायचं."

शब्द अगदी जिभेवर होता. आक्काला ताप हाय, एवढंच बोलायचं होतं. पण सांगितलं तर मालक गाडी माघारी फिरवतील, तिला माहेर दिसायचं नाही. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या अटीचीही त्याला लाज वाटली. आजारी माणूस गाडीत घेऊन बसलोय, हे चारचौघांत कसं म्हणायचं? तो माघारी आला आणि बैलांपुढं कडबा टाकत बसला. बायनाबाई डोक्यावरून पदर घेऊन पडून होती. पुरणाची पोळी तिनं तशीच बाजूला ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघाली. तलवाड्याची शीव दिसायला लागली, तशी आतून शिवकन्येनं किंकाळी फोडली.

मोहनराव आत गेले. बाहेर आले ते सरळ रस्त्याच्या फुफाट्यात बसले. एवढा मोठा माणूस, पण बघवत नव्हतं. "मला कावून न्हाई सांगितलं तिनं?" ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. सिदूनं सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या त्या अटीपायी गेली माझी बायको!" मोहनराव ओरडले.

आणि तुमच्या पुरणापायी, असं सिदूला म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं नाही. अट खरंच त्याची होती.

तो उठून बैलांपाशी गेला. रिवाजानं माळा उतरवायला हव्या होत्या. गाठीला हात घातला आणि तसाच थांबला. मग हात काढून घेतला.

"माळा काढ की," मोहनराव म्हणाले.

"न्हाई मालक. सबूद दिलाय."

मोहनराव फुफाट्यातून उठून गाडीत चढले. गाडी निघाली. घुंगरं रोजच्यासारखी खुळखुळत होती, आणि आत शिवकन्या तोंडात पदर कोंबून रडत होती.

वेशीत दगडावर छबुबाई बसली होती, बायनाबाईची आई. सांगावा आल्यापासून रोज तिथंच बसायची. घुंगरं ऐकली आणि म्हातारी धडपडत उभी राहिली.

"आली गं! माझी बाय आली! रतनबाई, भाकरतुकडा आन लवकर!"

रतनबाईनं, म्हातारीच्या सुनेनं, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. म्हातारीनं अंदाजानं गाडीवरून ओवाळला, दूर फेकला, आपल्या डोळ्याला पाणी लावलं. सिदूला तेव्हा कुठं कळलं, आपण हे काय करून बसलो. सांगायला तो खाली उतरला, पण म्हातारी तोवर गाडीला भिडली होती.

म्हातारी चाक चाचपत, छप्पर चाचपत पुढं आली. लेकीचे पाय हाताला लागले.

"पाय गार कावून गं? वाऱ्यात बसली व्हतीस का?"

हात वर सरकत गेला. हातावरून गळ्यावर, गळ्यावरून तोंडावर. तिथं थांबला.

मग तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं घराघरांतून माणसं बाहेर आली. किती वेळ ती लेकीच्या अंगावर पडून होती कुणास ठाऊक. शेवटी तशीच बसल्या बसल्या म्हणाली, "गाडीवान कोन हाय?"

"मी, आजी. सिदू."

"गाडीत मढं व्हतं, तर घुंगरं कावून वाजिवलीस रं?"

"तिनंच सांगितलं व्हतं, आजी," म्हणत सिदूनं तिचे पाय धरले. "चुकलं माझं."

म्हातारीनं त्याचं डोकं चाचपलं. "न्हाई चुकलं, लेकरा. शिवंपासून हितवर तरी माझी लेक जित्ती व्हती." मग म्हणाली, "आता काढ माळा."

सिदू गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. बैलाला माशी चावली असेल, त्यानं रोजच्या सवयीनं मान हलवली. घुंगरं खणखणली. आणि म्हातारीनं चटकन, कुणी येत असल्यागत, रस्त्याकडं तोंड फिरवलं.