काचतंतूवरचे सोने

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा लेप आहे. हुरळून जाऊ नका. सोनाराने मला तराजूत घातले, तर तराजू हलणारही नाही. केसाएवढा बारीक काचेचा तंतू, त्यावर निकेलचा थर आणि सर्वांत वर मी. काचेला सोल्डर, म्हणजे सांधा जोडायचा वितळता धातू, चिकटत नाही. निकेलला चिकटते, पण निकेल उघडे राहिले की हवेने बिघडते. म्हणून मी त्याचे पांघरूण.

वाशीमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, लेसरच्या यंत्रात मी पुष्कळ वर्षे काढली. तंतूतून उजेड जाई आणि साखरेच्या आजाराने पोखरलेली नजर वाचे. कौतुक यंत्राचे होई. मला कुणी पाहिलेच नव्हते, मग रुसणार तरी कुणावर?

एकदा तंतूचे टोक, ते यंत्रात ज्या पितळी नळीला सोल्डरने जोडलेले होते, तिच्यातून सुटले. नेमका तेव्हाच सीताबाईंचा लेसरचा नंबर आला होता. त्या भाजीचा मळा करतात. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला आणि दुसऱ्यात रक्त उतरू लागलेले. नवा तंतू यायला महिना लागणार होता, आणि तोवर डोळा टिकणार नव्हता. यंत्र दुरुस्त करणारी उज्ज्वला ही त्यांची सख्खी भाची. सोल्डर करायला ती मला वडिलांच्या दुकानात घेऊन आली.

वडील पुंजाजी पाण्याच्या मोटारींचे वायंडिंग करतात. तांब्याच्या तारेवरचा लेप ब्लेडने खरडल्याशिवाय सोल्डर बसत नाही, हे त्यांच्या हातात मुरलेले. उज्ज्वला पाठमोरी सामान काढत होती. तेवढ्यात बहिणीच्या काळजीने उतावीळ होऊन त्यांनी ब्लेड उचलले आणि मला खरडले.

"बाबा, खरडू नोका!" उज्ज्वला ओरडली. "हा लेप हाय म्हणूनच तं सोल्डर धरते!"

काच उघडी पडली होती. पुंजाजींनी ब्लेड खाली टाकले.

"माह्याच हातानं माह्या बहिणीचा डोळा गेला काय वं?"

"नाही बाबा. मागं लेप शाबूत हाय. तुमी फकस्त भिंग धरा."

तिने खरडलेला तुकडा कापला, टोक घासून गुळगुळीत केले. उरलेला तंतू नळीत जेमतेम पोचला. मित्रांनो, वितळलेले सोल्डर लागले की तिथला मी त्यात विरघळून जातो. तोवर निकेल स्वच्छ राखायचे, एवढेच माझे काम. मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू! पण सांधा पक्का बसला. दुसऱ्या दिवशी सीताबाईंच्या डोळ्यावर लेसर झाला.

पुढे तपासणीला पुंजाजीच त्यांना घेऊन आले. सीताबाईंनी भावाकडे बराच वेळ निरखून पाहिले.

"किती वाळला रे तू! जेवत नाही काय?"

पुंजाजी लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, मला नुसती चकाकी समजून खरडू नका. जेवढा उरलो आहे, तेवढा मला जपा. बाहेर बाकावर लेसरसाठी अजून माणसे बसली आहेत.