निळ्या ठिपक्यांची गादी

आमच्या प्रार्थनाघरात पर्यावरणाचं वारं शिरलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून मी सावध होतो. माझा धंदा कुलपांचा. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, किल्ली हरवलेल्यांची दारं उघडून दिली. या धंद्यात एक गोष्ट कळते. दाराशी उभा राहून कोणी फार गोड बोलायला लागला, की त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघावं.

गोड बोलणारी होती बचतताई. हे नाव आम्हीच तिला ठेवलेलं. ती इमारतींचे आराखडे काढायच्या कचेरीत नोकरीला होती आणि आमच्या नव्या समितीची प्रमुख होती. तिनं आधी कागदी कप बंद केले. प्रत्येकानं घरून आपला कप आणायचा, प्रार्थनेनंतर चहा पिऊन झाला की विसळायचा आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचा. मग छतावरून वाहून जाणारं पाणी नळीनं मागच्या टाकीत सोडलं. थंडी सुरू झाली तसा मोठा हीटर मंद केला आणि सांगितलं, आता पांगून बसू नका, जवळ जवळ बसा. लोक म्हणाले, छान. मी म्हणालो, बघू.

"काका, तुम्हाला काही शंका आहे का?" तिनं एकदा मला विचारलं.

"शंका नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"तेच बघतोय."

ती हसली. मला ते हसणंही जरा जास्त वाटलं.

नंतर विषय निघाला गाद्यांचा. आमच्याकडे लांब बाकं आहेत आणि बाकांवर फोमच्या गाद्या. फोम विटला होता. उठलं की मागे पिवळा भुगा लागायचा आणि गडद कपडे घालून येणाऱ्यांची फजिती व्हायची. अशा गाद्या दर काही वर्षांनी कचऱ्याच्या गाडीत जायच्या आणि नव्या यायच्या. बचतताई म्हणाली, या वेळी विकत काही आणायचं नाही. प्रत्येकानं घरातले जुने कपडे आणायचे. चांगल्या कापडाच्या खोळी शिवू, बाकीचं फाडून आत भरू.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ती म्हणाली, "प्रत्येक घरात एक तरी कपाट असं असतं, जे कोणी उघडत नाही."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. निदान मला तसं वाटलं. आणि तिच्या शेजारी माझी मुलगी बसली होती, मान खाली घालून.

आता कपाटाचं सांगतो. माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. फुप्फुसांचं दुखणं होतं. तिचे कपडे निजायच्या खोलीतल्या कपाटात आहेत तसेच राहिले. ती गेली त्या आठवड्यात मी त्या कपाटाचं जुनं कुलूप काढून माझ्या हातचं कुलूप बसवलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. तेव्हापासून कपाट कोणी उघडलं नव्हतं. मीसुद्धा नाही. कारण तिच्या कपड्यांना तिचा वास होता. दार उघडलं असतं तर तो थोडा थोडा करून गेला असता. बंद ठेवलं तर राहील, असा माझा हिशेब. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच.

मुलगी दर आठवड्याला यायची. भाजी आणायची, ओटा पुसायची आणि जाता जाता म्हणायची, "बाबा, आईचं कपाट एकदा उघडू या."

"कशाला?"

"हवा लागू दे जरा."

"तुझ्या आईनं कधी सांगितलं होतं का, हवा लागू दे म्हणून?"

"आई रोज उघडायची ते कपाट."

"ते तिचं होतं."

मग ती पिशवी उचलून निघायची. गाद्यांचा विषय निघाल्यापासून मात्र तिचं म्हणणं वाढलं. आणि मी दोघींना पाहू लागलो. कप विसळायच्या जागी बचतताई आणि ती कुजबुजत असायच्या. मी जवळ गेलो की कपांबद्दल बोलायला लागायच्या. कपांबद्दल इतकं बोलण्यासारखं काय असतं? दोघींचं साटंलोटं आहे हे मी ओळखलं. पुढे पुढे तर मला असं वाटायला लागलं, की ही पाण्याची टाकी, हा मंद केलेला हीटर, हे सगळं वरवरचं आहे, आणि पृथ्वी वाचवायचा सगळा घाट माझं एक कपाट रिकामं करायला घातला आहे. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

भीतीला कारणही होतं. माझं कुलूप या गावात कोणी उघडू शकत असेल तर ती एकच व्यक्ती, माझी मुलगी. इतर बाप मुलींना सायकल शिकवतात. मी तिला केसांच्या पिनेनं कुलूप उघडायला शिकवलं होतं. तिचा हात असा हलका, की भोकाला ओरखडासुद्धा उठायचा नाही. मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता झोप लागेना.

म्हणून मी कपाटाच्या फटीवर खळीनं एक दोरा चिकटवला. दार उघडलं तर दोरा सुटणार. रोज सकाळी उठून दोरा बघायचा, मगच चहा. आणि एक दिवस मुलगी येऊन गेल्यावर बघतो तर दोरा खाली पडलेला. खळ वाळून सुटली की कोणी सोडवली, कळायला मार्ग नाही. उघडून बघावं तर वास जाणार. न उघडावं तर जिवाला चैन नाही. मी दोरा परत चिकटवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

नव्या गाद्या तयार झाल्या त्या आठवड्यात मी लवकर गेलो. बाकं रंगीबेरंगी झाली होती. चौकटीचे शर्ट, पडदे, कोणाच्या तरी कामाच्या निळ्या डगल्याची खिशासकट खोळ. लोक आपापलं कापड शोधत हिंडत होते. "अरे, मी माझ्याच विजारीवर बसलोय," असं कोणी म्हणालं आणि सगळे हसले.

डुलकीकाका नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या बाकावर होते. हे गृहस्थ प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच झोपतात. त्यांनी कूस बदलली, आणि त्यांच्या खालची गादी मला दिसली.

पांढऱ्यावर निळे ठिपके. मधेच एखादा ठिपका फिका. तो ड्रेस मी डोळे मिटूनही ओळखला असता. मुलीच्या लग्नात माझी बायको तो घालून पाहुण्यांच्या पुढेपुढे करत होती. आजारी पडायच्या आधी शेवटचं फिरायला गेलो, तेव्हाही अंगात तोच होता. आणि त्यावर डुलकीकाका घोरत होते.

"उठा," मी म्हणालो.

"झाली प्रार्थना?" त्यांनी विचारलं.

"उठा तुम्ही आधी."

ते उठले. मी गादी उचलली आणि वळलो. मुलगी दारातच होती.

"हे कुठून आलं?"

तिनं गादीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला तेवढं पुरे होतं.

"बापाच्या घरात चोरी करतेस," मी सगळ्यांच्या देखत म्हणालो. "मागितलं असतंस तर निदान नाही तरी म्हणालो असतो. हे काय, पिनेनं उघडलंस?"

शिवणाच्या मशीनवर पोस्टातल्या वहिनी होत्या. माझ्या बायकोची जुनी मैत्रीण. आमच्या शेजारीच राहतात, पोस्टात खिडकीवर बसतात. त्या उठून म्हणाल्या, "भाऊजी, एक मिनिट, ऐकून घ्या."

"वहिनी, हा आमच्या घरातला मामला आहे. तुम्ही मधे पडू नका."

मुलगी माझ्यापर्यंत आली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं नुसता हात पुढे केला, घराच्या दिशेनं.

"चला. उघडा कपाट."

"उघडायचं काय राहिलंय आता?"

"चोर म्हणालात ना? मग माल गेलाय का ते बघा. चला."

मी गादी काखेत धरली होती. लोक बघत होते. खोलीत गेल्यावर मी गळ्यातली किल्ली काढली आणि कपाटासमोर उभा राहिलो. फटीवरचा दोरा शाबूत होता. पण तो मीच परत चिकटवलेला, त्याची साक्ष काय कामाची?

किल्ली भोकात जाईना. आयुष्यात हजारो कुलपं उघडली असतील, पण माझंच कुलूप मला दाद देईना.

"तू उघड," मी म्हणालो.

"नाही. मी हात लावणार नाही. मग परत म्हणाल."

शेवटी लागली. दार ओढलं, दोरा तुटला.

वास आला. तो तिचा नव्हता. कोंडलेल्या लाकडाचा आणि धुळीचा होता. महिनोन् महिने पहारा दिला तो कशावर, मला कळेना.

निळ्या ठिपक्यांचा ड्रेस समोरच लटकत होता. धुतलेला, इस्त्रीचा, तिनं लावला होता तसाच. मी काखेतली गादी त्याच्याशेजारी धरली. कापड तेच, ठिपके तेच, फिका ठिपकासुद्धा तसाच.

मुलीनं ड्रेसमागचा लोकरीचा स्वेटर हँगरसकट काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. त्यातून उजेड गाळणीतून यावा तसा आला. बाही नुसती धाग्यांवर लोंबत होती. मग तिनं कोट काढला, मग शाल. सगळ्यांची तीच गत.

"कसर," ती म्हणाली. "मी या खोलीत बारीक पाखरं उडताना बघितली होती. म्हणून म्हणत होते, हवा लागू दे."

"मग सांगायचं नाही का स्पष्ट?"

"काय सांगू? की तुम्ही आईला जपताय आणि तिला कसर खातेय? बाबा, माझ्या तोंडून निघेना ते. बचतताईंना विचारलं, अशी लोकर गाद्यांत भरायला चालते का. त्या म्हणाल्या, उकळून वाळवली तर चालते."

"म्हणजे साटंलोटं होतंच."

"होतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदा रडली. "पण पिन लावली नाही. मनात आलं होतं, पण नाही लावली."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात दार वाजलं. पोस्टातल्या वहिनी होत्या. धापा टाकत आल्या होत्या, खांद्यावर अजून मापाची पट्टी तशीच.

"भाऊजी, बोलू का आता?"

"बोला."

"ती गादी माझ्या ड्रेसची आहे. आम्ही दोघींनी एकाच ताग्यातलं कापड घेतलं होतं. शेवटचा तुकडा होता, दोघींनाही आवडला, कोणी सोडेना. मग निम्मा निम्मा केला आणि ठरवलं, एकीनं घातला त्या दिवशी दुसरीनं घालायचा नाही. सकाळी खिडकीतून विचारायचो, आज तुझा की माझा?"

मला आठवलं. बायको रोज सकाळी खिडकीशी उभी राहून काहीतरी बोलायची. मी समजायचो, बायकांच्या गप्पा. आणि वहिनींच्या अंगावर तो ड्रेस मी कधी नजरेत भरून पाहिला नाही. पाहायला दोन्ही एकत्र कधी नव्हतेच.

"मग फाडलात कशाला?"

"ती गेल्यावर रोजच माझा दिवस झाला," वहिनी म्हणाल्या. "विचारायला कोणी नाही. एकदा घातला, दिवसभर कसंतरीच वाटलं. म्हटलं, गादी होऊ दे. निदान बाकावर तरी दिसेल. तर तिथे डुलकीकाका येऊन बसले."

मुलगी रडता रडता हसली. मलाही हसू आलं असतं, पण जमलं नाही.

पुढच्या प्रार्थनेला आम्ही तिघं बरोबर गेलो. चहा झाल्यावर कप विसळताना ज्याला काही सांगायचं असेल त्यानं सांगायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी सांगितलं, "मागच्या वेळी मी माझ्या मुलीला चोर म्हणालो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, म्हणून सगळ्यांच्या देखत परत घेतो. कुलूप शाबूत होतं. चोर आतच होता." लोकांनी माना हलवल्या. कोणी जास्त विचारलं नाही. बचतताईनं माझा कप माझ्या हातातून घेतला, स्वतः विसळला आणि खुंटीला अडकवला. मी तिच्या हाताकडे पाहिलं. थंड पाण्यानं लाल झालेला साधा हात होता.

लोकर आम्ही घरीच मोठ्या पातेल्यात उकळली, अंगणात वाळवली आणि मी माझ्या हातानं फाडली. फाडायला जोर लागला नाही. ड्रेस कपाटात आहे. कपाटाला आता कुलूप नाही, आणि मुलगी आली की दार उघडून ठेवते. मी बंद करत नाही.

फाडलेली लोकर पिशवीत घालून मी वहिनींकडे दिली. गाद्या भरून झाल्यावर विचारलं, "कोणत्या गादीत घातलीत?"

"सगळ्यांत थोडी थोडी. मिसळून टाकली."

"अशी कशी मिसळली?"

"मिसळली, भाऊजी."

माझा विश्वास नाही. एवढी लोकर हातात आली तर वहिनींसारखी बाई ती सगळीकडे वाटत बसेल, हे मला पटत नाही. म्हणून मी दर आठवड्याला वेगळ्या बाकावर बसतो. हात नकळत गादीखाली जातो, कुठे जास्त ऊब लागते का बघतो. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, काय चाचपताय?"

"काही नाही. बघतोय."

जवळजवळ सगळी बाकं बसून झाली. एकच राहिलंय, कोपऱ्यातलं, निळ्या ठिपक्यांचं. माझा संशय त्याच गादीवर आहे. हीटर मंद केल्यापासून आम्ही सगळे कुडकुडतो, आणि डुलकीकाका मात्र पूर्वीपेक्षा गाढ झोपतात. ते उगाच नाही. पुढच्या वेळी मी लवकर जाणार आहे, त्यांच्या आधी.