सोजराबाईचा जबाब

बुलढाण्याच्या कोर्टाबाहेर सोजराबाईला एका जागी बसवत नव्हतं. निंबाखाली जरा टेकली की लगेच उठे. उंद्रीच्या हिंमतरावावर विळ्यानं वार केल्याचा खटला तिच्यावर होता. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भांडण झालं आणि तिनं मागून वार केला, अशी हिंमतरावानं साक्ष दिली होती.

तिचे वकील भगवानराव समजावत होते. "मागून वार झाला, तर यानं तोंड पाहिलं कसं? गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारचं. तुम्ही फक्त 'मला माहीत नाही' म्हणा. सुटाल."

"पन वार त म्याच केला."

"ते बोललात की स्वतःला वाचवायला केला, हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येईल. वार झाला तेव्हा ज्वारीच्या शेतात तुमच्या बाजूनं कोण होतं?"

"कोनीच नोयतं."

नवरा इंद्रभान खालच्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेबाचं आयक. उगाच गावभर होईन."

"पान्यासाठी मानूस कापला, असं आताच म्हनून राह्यले. अशीच सुटली त जलमभर म्हनतीन."

पुकारा झाला. काही सांगायचं आहे का, असं मॅजिस्ट्रेटनी विचारलं. तिनं वकिलांकडे पाहिलं नाही.

"वार म्या केला, साहेब. मागून नाही, समोरून. जवारीत त्यानं मले धरलं, तोंड दाबलं. मी हाताले चावली, तरी सोडेना. मंग विळा चालवला."

भगवानरावांनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांना मागच्या तारखेची डॉक्टरांची साक्ष आठवली. हिंमतरावाची जखम खांद्याच्या पुढच्या बाजूला होती, तळहातावर दातांचे व्रण होते. त्या व्रणांबद्दल तेव्हा कोणीच काही विचारलं नव्हतं. ते उठले.

"सरकारचाच डॉक्टर हे सांगून गेलाय, साहेब. गुन्हा सरकारनं निःसंशय सिद्ध करायचा असतो. आरोपीवर तेवढं ओझं नाही. तिचं म्हणणं खरं असण्याचा संभव जास्त दिसला, तरी पुरे."

पुढच्या तारखेला निकाल लागला. वार स्वसंरक्षणासाठी होता, सोजराबाई निर्दोष. हिंमतराव त्या दिवशी कोर्टात आलाच नाही.

परतताना एसटीत इंद्रभान तिच्यापासून दूर बसला. याच्यापेक्षा शिक्षा बरी होती की काय, असं तिला वाटू लागलं.

उंद्रीच्या थांब्यावर चार माणसं बसली होती. त्यांतल्या जानरावानं विचारलं, "काय झालं, इंद्रभान?"

तो थबकला. बायको मागं उभी होती.

"सुटली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खरं सांगून सुटली."

आणि तिच्यासाठी थांबला. सोजराबाई पुढं आली, आणि दोघं बरोबरच घराकडं चालू लागली.