तोडलेला वाटा

आमच्या मोराव्हा नदीकाठच्या देवळात सोफ्रोनियेबाबा नाताळचं प्रवचन गाऊनच सांगतात. त्यांनी सूर धरला की माझे गुडघेसुद्धा दुखायचं विसरतात. यंदा त्यांनी एका शब्दाचं निरूपण केलं: चेंस्त. हा शब्द लिहिलेला कुणी पाहिलेला नाही. आपल्या साऱ्या स्लाव भाषा बहिणीबहिणींसारख्या शेजारी बसवून पंडितांनी त्यांच्या आईचं बोलणं जुळवलं, त्यात तो सापडला. अर्थ, वाटा. त्याच्याही मागे गेलं तर चावून तोडलेला घास. त्यातूनच नाताळच्या भाकरीला चेस्नित्सा म्हणतात, आणि रशियन माणूस सुखाला जे म्हणतो तेही त्यातलंच. चांगला वाटा लाभला, ते सुख.

तिथून मी शेजारच्या झिवोयिनच्या घरी गेलो. नाताळचा पहिला पाहुणा मीच होतो. पहिल्या पाहुण्याच्या रीतीप्रमाणे चुलीतला ओकाचा ओंडका ठोकून ठिणग्या उडवल्या, घराला बरकत मागितली.

झिवोयिन आणि त्याचा धाकटा भाऊ तिहोमिर यांनी उन्हाळ्यात जमीन वाटून घेतली होती. दोरी धरून, शिव्या देत. तेव्हापासून ओढ्यापलीकडे राहणारा तिहोमिर या घरात आला नव्हता. घरी नसलेल्याचाही चेस्नित्सात वाटा असतो. त्यांची म्हातारी आई स्तामेन्का तेवढंच बघत होती, आपल्या धाकट्याचा वाटा निघतो का.

झिवोयिननं सुरी आणली. जेवढी माणसं घरात तेवढेच सारखे तुकडे करतो, म्हणाला, म्हणजे मागाहून कुणी तोंड उघडायला नको. त्याची बायको मिलुन्का पुटपुटली, शेतातली दोरी आणायची राहिली वाटतं. मी हसू मिशीत जिरवलं.

चेस्नित्साला सुरी लावत नाहीत. सगळ्यांनी कड धरायची, भाकर फिरवायची आणि ओढायची. हाती येईल तो आपला वाटा. लहान आला तरी देवानं दिलेला.

स्तामेन्कानं भाकरीवर तळहात ठेवला.

"तुम्हा दोघांना मी घास मोजून भरवले नाहीत रे," ती म्हणाली.

झिवोयिननं सुरी खाली ठेवली. आम्ही कडा धरल्या. म्हातारीनं दोन्ही हातांनी दोन कडा धरल्या. डावी तिहोमिरची, असं तिनं सांगून टाकलं. भाकर फिरली, तुटली. सगळ्यांत मोठा तुकडा तिच्या डाव्या हातात आला.

"लहानपणापासून नशीबवान आहे मेला," झिवोयिन म्हणाला. त्यानं तो तुकडा फडक्यात बांधला, टोपी घातली.

"तुझाही ने," आई म्हणाली. "तो एकटा कसा खाईल?"

झिवोयिननं आपला तुकडा उचलून त्याच फडक्यात बांधला आणि ओढ्याकडे उतरला.